आधी बसायला शिक

अक्कांचं म्हणणं असं की भाषा ही तोंडाने शिकायची वस्तूच नाही. "बठाले शिक पोरी, मंग बोलाले शिक," असं त्या म्हणायच्या. आधी बसायला शिक, मग बोलायला. माझं तोवरचं आयुष्य शाळेच्या बाकावर, चर्चच्या बाकावर आणि बायबल कॉलेजच्या बाकावर गेलेलं, त्यामुळे बसण्याच्या बाबतीत तरी मी स्वतःला तयार गडी समजत होते. अक्कांनी पहिल्याच दिवशी माझा तो समज मोडीत काढला.

मी नगरकडची. आजोबा पाळक, वडील शाळामास्तर, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. सुवार्तेच्या कामाला नाव दिलं तेव्हा वाटलं होतं की ओडिशात नाहीतर छत्तीसगडात पाठवतील, नवी लिपी गिरवावी लागेल. पाठवलं खानदेशात. मी मनातल्या मनात हसले. मराठीच तर बोलायची. जळगावच्या स्टँडवर धरणगावच्या एसटीत बसले आणि शेजारच्या बाईने मला काहीतरी विचारलं. त्यातलं 'पोरी' तेवढं कळलं. मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान हलवली. मग तिने आपलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि निवांत डोळे मिटले. ते गाठोडं मी धरणगावपर्यंत सांभाळलं.

आमच्या संस्थेची पद्धत अशी की नव्या माणसाने पहिला आठवडा भाषेच्या घरी काढायचा. धरणगावात भाषेचं घर म्हणजे अक्कांचं घर. अक्का मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात नर्स होत्या. मी गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, नवरा वारलेला होता आणि मूलबाळ नव्हतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडे दोन खोल्या आणि पुढे ओटा. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षणाच्या प्रमुखांनी, मला ओट्यावर सोडलं, हातात छापील पुस्तिका दिली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि मोटारसायकलला किक मारली. ते वळणाआड जाईपर्यंत अक्का पाहत राहिल्या. मग त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवून दिली.

अक्का आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की आमच्यातले जुने लोक त्यांच्या वल्ली स्वभावाचे किस्से सांगतात आणि हसतात. मीही हसते. किस्से आहेतच तसे. समोर आलेल्या माणसाची नाडी धरल्याशिवाय अक्कांना बोलता यायचं नाही. दूधवाला असो, लाइटचं बिल आणणारा असो, मनगट अक्कांच्या बोटांत दिल्यावरच बोलणं सुरू. पेपरवाला तर पेपर देताना हात उलटाच पुढे करायचा. साहेब एकदा त्यांना समजावत होते की मुलींना थोडं सुवार्ता सांगायलाही शिकवा, नुसतं काय फिरवता. अक्का त्यांचं मनगट धरून सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, तुमी निजत नही का रातले?" साहेब आपल्या झोपेबद्दल सांगू लागले आणि पुढे मुलींचा विषय राहूनच गेला.

शिकवायची तऱ्हाही त्यांची त्यांनाच ठाऊक. ओट्यावर बाजल्याच्या मधोमध त्या बसायच्या, आणि मला आपल्या पाठीला पाठ लावून बसवायच्या. तोंड पाहून समजलं तर ते काय समजलं, असा त्यांचा हिशेब. मग त्या बोलत सुटायच्या. वांगी कुठली घ्यावीत, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीला पाणी किती गरम हवं, समोरच्या बोळातून चाललेली बाई कोणाची आंडेर, म्हणजे मुलगी, आणि तिच्या बाळंतपणात काय अडलं होतं. मला उत्तर द्यायची मनाई. आठवडाभर फक्त कान. त्या हसल्या की त्यांच्या पाठीचे मणके माझ्या पाठीला जाणवायचे, म्हणून मीही हसायचे, कशाला ते न कळता. त्या आठवड्यात दुसऱ्या माणसाचा स्पर्श म्हणून मला एवढाच होता.

फोनवर बंदी नव्हती, पण घरी बोलायचं तर अहिराणीतच, असा नियम. माझ्या आईला अहिराणी कुठून येणार. तिने फोन केला आणि मी म्हटलं, "माय, मी बरी शे. भाकर खादी." मग आई म्हणाली, "तुला ताप आलाय का?" मी पुन्हा म्हटलं, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे. आईने फोन वडिलांकडे दिला, वडिलांनी माझं नाव दोनदा घेतलं, आणि मी फोन ठेवला. अक्का आतून म्हणाल्या, "खादी नही, खाधी." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मला एकटं वाटत होतं. दुसरं काही कारण नव्हतं. संध्याकाळी जिनिंगचा आवाज थांबायचा आणि रस्त्यावरची माणसं आपापसात बोलत घरी जायची, त्यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नसायचं.

पण किस्से सांगणारे लोक अक्कांचा खरा धडा सांगत नाहीत, तो म्हणजे दारावर नेण्याचा. खानदेशात कोणी वारलं की त्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. अक्का सकाळी कोणाकोणाला विचारून कुठे दुःख झालंय ते काढायच्या आणि नव्या मुलीला घेऊन निघायच्या. ओळख असो नसो. मला त्यांनी पहिल्यांदा नेलं ते मागच्या गल्लीतल्या पिंजाऱ्यांकडे. गाद्या भरणारं घर, म्हातारी वारलेली, बायका सतरंजीवर बसलेल्या. त्या आपसांत हिंदी आणि अहिराणी एकात एक मिसळून हळू बोलत होत्या. अक्का गेल्या, सुनेजवळ बसल्या, गप्प राहिल्या. मला ती शांतता सोसेना. कॉलेजात सांत्वनावर वेगळा तास असायचा, त्यात मला चांगले गुण होते. मी घसा साफ केला आणि देव दुःखितांच्या जवळ असतो वगैरे सुरू केलं. अक्कांनी पदराखालून मला असा चिमटा काढला की वळ उठला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुले कोनी इचारं का?"

"नाही."

"मंग?"

त्या पुढे चालत म्हणाल्या, "ज्याले दारवर बठता येत नही, त्यानी कोनाना दारवर जाईसन काय बोलानं?" आमच्या सगळ्या कामाबद्दलच हे बोलणं होतं, आणि ते बोलणारी बाई आमच्याच संस्थेच्या मानधनावर होती. मला राग आला. रात्री मी बॅग भरूनसुद्धा ठेवली. सकाळी अक्कांनी ती भरलेली बॅग पाहिली, उचलून खाटेखाली सरकवली आणि चहा दिला.

दारावरचे नियम मी त्यांच्या पाठीला पाठ लावून शिकले. पुरुष बाहेर बसतात, बायका आत. बाहेरगावची बाई, त्यातून माहेरवाशीण, गल्लीच्या वळणावरूनच रडणं सुरू करते. नुसतं रडणं नाही, त्यात शब्द असतात, गेलेल्याशी बोलणं असतं. मग घरातली बाई उठून पुढे येते, तिच्या गळ्यात पडते, दोघी रडतात, कोणीतरी तोंड धुवायला पाणी देतं, आणि मग आत जायचं. घरातलं कोणी उठलं नाही तर रडणारीला आपलं आपणच थांबावं लागतं. त्याच्यासारखी दुसरी फजिती नाही. आणि येतो म्हणून निरोप घ्यायचा नाही, गप्प उठून निघायचं, हे मात्र मला नगरहूनच माहीत होतं.

त्याच बाजल्यावर एका दुपारी त्यांनी त्यांच्या आईच्या दाराची गोष्ट सांगितली. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही आणि शब्द निम्मेच कळले, पण गोष्ट कळली. त्यांचं माहेर भडगावकडे, गिरणेकाठी, शेतकरी घर. दवाखान्यात शिकायला आल्या, बाप्तिस्मा घेतला, तिथल्याच कंपाउंडरशी लग्न केलं. वडील म्हणाले, पुन्हा पाऊल ठेवू नको. त्यांनी ठेवलं नाही. वडील गेले तेव्हा कळवलंच नव्हतं. पुढे आई गेल्याचं कुठूनतरी कळलं तेव्हा त्या धावत गेल्या, वळणावरून रडत गेल्या, अंगणात उभ्या राहिल्या. शेजारपाजारच्या बायका बसलेल्या होत्या. भाऊ पुरुषांत बसला होता, मान खाली घालून. कोणी उठलं नाही. घसा बसेपर्यंत त्या रडल्या, मग आपल्या पदराने आपले डोळे पुसले आणि चालत फाट्यावर आल्या. त्यानंतर त्या गावाला गेल्या नाहीत. एवढं सांगून त्या उठल्या आणि त्यांच्या पाठीचा आधार गेल्यामुळे मी मागे कलंडले. त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

माझा आठवडा संपत आला असताना एक सकाळ अशी आली की फाटकापाशी लिंबांचा टेम्पो थांबला. चालवणारा त्यांच्या माहेरच्या गावचा होता. तो खाली उतरला, ओट्याजवळ आला आणि सवयीप्रमाणे अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"अक्का, तुना भाऊ गया," तो म्हणाला. "परवदिन. बठ्ठं आवराई गयं."

अक्कांनी मनगट सोडलं नाही. तो बिचारा तसाच उभा राहिला. मग त्यांनी विचारलं, "तुले कोनी धाडं?"

"नही. मीच उनू," तो म्हणाला. आपणहून आला होता.

"जाय," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी धडा घेतला नाही. भाकरी केल्या, मला वाढल्या, स्वतः बसल्या नाहीत. दुपारी एकदा म्हणाल्या की मी जाणार नाही. मी काही विचारलं नव्हतं. संध्याकाळी पुन्हा म्हणाल्या, एकदा उभी राहिले तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या अंघोळ करून, धुतलेली सुती साडी नेसून दारात उभ्या होत्या. "चाल," म्हणाल्या. मला का नेलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. एकटीने परत यावं लागलं तर, एवढंच असावं.

एरंडोलला गाडी बदलली. कासोद्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, बोंडं फुटलेली. अक्का खिडकीशी होत्या. ज्या बाईला समोरच्याचा हात धरल्याशिवाय चैन पडायचं नाही ती दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. मी मनात प्रार्थना करत होते आणि ती अगदी लहान होती: त्या घरातलं कोणीतरी उठू दे. कोणीही. बाकी काही मागायचं मला सुचत नव्हतं.

फाट्यावरून गावापर्यंत आम्ही चालत गेलो. देवळाच्या वळणावर अक्कांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि रडायला सुरुवात केली. इतके दिवस मी त्यांचा आवाज ऐकत होते, पण हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तो पातळ होता, लहान मुलीचा असतो तसा.

"भाऊ रे... मन्ही माय गयी, तवय तू व्हता रे भाऊ... आते मन्हं माहेर कोठे रे..."

अंगणात कडुलिंबाखाली पुरुष बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि माना खाली घातल्या. ओसरीवर बायका होत्या. त्यांच्यात कुजबुज झाली. कोणी उठलं नाही. अक्का अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि रडत राहिल्या. भावाने बोरं आणून दिली होती ते सांगितलं, नदीत पोहायला शिकवलं होतं ते सांगितलं, दवाखान्यात सोडायला तोच बैलगाडी घेऊन आला होता ते सांगितलं. सांगण्यासारखं संपत चाललं होतं. मधे मधे आवाज फाटत होता. ओसरीवरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, पण जागेवरून हलत नव्हत्या.

मला ते पाहवेना. मी पिशवी खाली ठेवली, पुढे गेले आणि अक्कांच्या खांद्याभोवती हात टाकला. त्यांनी मला कोपराने ढकललं. चांगलं जोरात.

"तू सर," रडणं न थांबवता त्या म्हणाल्या. "तू ह्या घरनी नही."

मी मागे झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओसरीवरच्या बायका दगडाच्या नव्हत्या. त्याही त्या घरच्या नव्हत्या. शेजारणी होत्या, ओळखीच्या होत्या, आणि त्यांना उठायचा हक्क नव्हता.

मग आतल्या अंधारातून एक ठेंगणी बाई दारात आली. कपाळ मोकळं, एक हात चौकटीला. ही वहिनी, हे कोणी सांगायला नको होतं. ती तिथेच उभी राहिली, आणि तिथूनच तिने रडत उत्तर द्यायला सुरुवात केली.

"आते उनी वं बाई... आते उनी... दारकडे डोया लाईसन बठनात तुना भाऊ... शेवटलगून तुनं नाव लेत व्हतात वं..."

आता आलीस, तो शेवटपर्यंत तुझं नाव घेत होता, असं म्हणत ती पायरी उतरली, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, आणि येऊन अक्कांच्या गळ्यात पडली. अक्कांना हवं होतं ते झालं होतं. पण अक्कांचं रडणं एकदम बंद झालं. वहिनी त्यांना धरून रडत होती आणि अक्का सरळ उभ्या होत्या.

"मंग तवय कोनी उठनं काब्र नही?" त्यांनी विचारलं, तेव्हा कोणी का उठलं नाही. रडण्यातल्या नव्हे, साध्या आवाजात, एखाद्या पेशंटला विचारावं तसं. "मायना दारवर. मी इतली रडनू. तू काब्र नही उनी?"

वहिनीने डोकं मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नसावा असं मला क्षणभर वाटलं.

"मी बायतीन व्हती वं," ती म्हणाली. "आदला दिन पोर व्हयनी. मी आत खाटवर. तुनं रडनं मी आयकत व्हती, बाहेर कशी येऊ? आनि घरमा दुसरी बाई कोन व्हती?"

बाळंतीण सुवेरातून बाहेर येऊन कोणाला शिवू शकत नव्हती. भाऊ पुरुष, तो उठून बहिणीच्या गळ्यात पडू शकत नव्हता. घरातली दुसरी बाई म्हणजे आई, आणि दार तिचंच होतं. गावातल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं, आणि अक्कांनाही माहीत असणार असं प्रत्येकीने धरलं होतं. तालुक्यातल्या बायकांची बाळंतपणं करणाऱ्या बाईला आपल्या भावजयीचं बाळंतपण कोणी कळवलं नव्हतं.

"तू घरमा न येता चालनी गयी," वहिनी म्हणाली, नवऱ्याचं नाव न घेता. "त्यासले वाटनं, तुले राग शे. मी म्हने, जा, बलाई लया. त्या म्हनेत, बलावानं काय? तिनं घर शे, ती येई."

मी पिशवीपाशी उभी होते. आठवडाभर मी शब्दांच्या मागे धावले होते आणि ते माझ्या हाती लागत नव्हते. त्या अंगणात बोललेला एकही शब्द मला सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं.

आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. रुंद चेहऱ्याची, अक्कांसारखीच उंच, केसांत कानाजवळ पांढरी बट. तिने तांब्या पुढे केला.

"फुई," ती अक्कांना म्हणाली, "तोंड धुई ल्या."

तिकडे आत्याला फुई म्हणतात. अक्कांना तोवर कोणी फुई म्हटलेलं नव्हतं. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि ती तांब्या धरून उभी राहिली.